भिंत सगळ्यात शेवटी

लग्नाच्या मांडवासाठी कुठं मैदानावर फक्की मारलेली दिसली, की मी अजूनही त्या पांढऱ्या रेघेवर पाय देत नाही. वळसा घालून, जिथं दोन रेघांच्या मधे मोकळी जागा सोडलेली असेल, तिथूनच आत शिरतो. बायको म्हणते, "चुन्याची भुकटी ती. त्यात करंट हाय काय?" मांडववाली पोरं हसतात. हसू देत. ही खोड मला कांबळे साहेबांनी लावली आणि ते गेल्यावरही सुटलेली नाही. सुटावी असं मला वाटतही नाही.

सिद्राम कांबळे त्यांचं नाव. मूळचे निपाणीचे. तिथल्या तंबाखूच्या वखारीत जन्मभर राबलेल्या बाईचे चिरंजीव. शिकून इंजिनियर झाले, सरकारच्या बांधकाम खात्यात लागले, बेळगावात घर बांधलं, आणि निवृत्तीनंतर नातवंडं खेळवत बसायचं सोडून आमच्या कलाकेंद्राच्या कामात पडले. एवढं चरित्र पुरे. त्यांनाही स्वतःबद्दल याहून जास्त सांगायची हौस नव्हती. कुणी तंबाखूची चंची पुढं केली तर हात हलवून म्हणायचे, "नको वो. निपाणीत जन्मलो मी. जन्मताना नाकातनंच लई खाल्लीया."

मी त्या कलाकेंद्राचा व्यवस्थापक. अनगोळचा, शेतकऱ्याच्या घरातला. बँकेतली नोकरी संपवून नाटकाच्या नादानं इथं येऊन चिकटलो. केंद्राची इमारत उभी राहून बराच काळ झाला होता, पण भोवतीचं आवार म्हणजे निव्वळ उकिरडा. सळ्यांचे तुकडे, घाणेरीची झुडपं, पाण्याची डबकी. नटूनथटून नाटकाला आलेल्या बायका साडी वर उचलून दारापर्यंत कशाबशा पोचायच्या आणि मला शिव्या घालायच्या. शेवटी समितीनं मनावर घेतलं. खुला रंगमंच, बाग, पायवाटा, गाड्या लावायची जागा, सगळं एकदमच करायचं ठरलं. आराखड्याचा करार पुण्याच्या एका आर्किटेक्ट बाईंशी झाला. बांधकामाचा करार काकतीच्या मल्लाप्पा नावाच्या कंत्राटदाराशी झाला. आणि एकानं काढलेलं दुसरा तसंच बांधतो की नाही हे बघायला मधे कांबळे साहेब नेमले गेले.

पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "दोन बायका आनि फजिती ऐका, तसं हाय बगा हे दोन करार म्हंजे. काढणारी म्हणणार, त्यानं बांधलं न्हाय. बांधणारा म्हणणार, तिनं काढलं न्हाय. आनि मार खाणार कोण? मधला."

"मग कशाला पडलासा यात, साहेब?"

"घरात बसलो की मंडळी भाजी निवडाय लावतीया," असं म्हणून त्यांनी स्कूटरची डिकी उघडली. आत फक्कीची पिशवी होती.

ती पिशवी हे कांबळे साहेबांचं खरं हत्यार. विजारीचे पायचे कायम पांढरे, नखांत पांढरं, चष्म्याच्या काडीवर पांढरी बोटं उमटलेली. पुण्याहून आराखडा आला, की दुसरा कोणी टेबलावर पसरून बघतो. हे तो घेऊन थेट उन्हात जायचे, आणि कागदावर जे वीतभर होतं ते जमिनीवर खऱ्या मापानं फक्कीनं आखायचे. इथं पायवाट, इथं पायऱ्या, इथं रंगमंच, इथं झाडाचा पार. आखून झालं की लोकांना बोलवायचे. त्यावरून चालायला लावायचे. आणि जोवर चालून होत नाही तोवर त्या आराखड्यावर सही नाही. "कागुद सोसतोय, मॅनेजर," ते म्हणायचे, "माती सोसत न्हाय."

मला ते कायम मॅनेजर म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा होती, पण गोड लागायची.

समितीची पहिली मोठी सभा मी विसरणार नाही. आमच्या अध्यक्षांचा बेळगावजवळच्या मच्छे गावात कारखाना. माणूस तसा भला, पण वेळेचा भारी हिशेबी. सभा वातानुकूलित खोलीत ठेवली होती, काजू मांडले होते, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायची होती. कांबळे साहेब आले आणि म्हणाले, "चला वो सगळी, भाईर." झालं. सफारी घातलेले अध्यक्ष, संगीत विभागाच्या बाई, कन्नड नाट्यसंघाचे एक गृहस्थ, मी, शिवाय साहेबांनी मुद्दाम बोलावून आणलेले भलतेच लोक: झांजपथकातले दोघं, गुडघे धरून चालणारे एक म्हातारे पेटीवादक, मागच्या गल्लीतल्या दोन बायका, त्यातली एक कडेवर लेकरू घेऊन. अशी आमची वरात त्या पांढऱ्या रेघांमधून निघाली.

अध्यक्ष मोबाईलवर बोलत बोलत सरळ चालले होते. तेवढ्यात साहेब मोठ्यांदा ओरडले, "साहेब, भिंतीतनं चाललासा!"

अध्यक्ष दचकून थांबले. खाली बघितलं. खरंच त्यांचा पाय जाड रेघेवर होता. आणि गंमत म्हणजे तो शहाणा, मोठा कारखानदार माणूस गुपचूप चार पावलं मागं आला आणि जिथं दार आखलं होतं तिथून आत गेला. गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. पेटीवादक मात्र पायऱ्या आखलेल्या जागी थांबून म्हणाले, "ह्यो कठडा डाव्या बाजूला करा की. माजा डावा गुडघा गेलाय." साहेबांनी लगेच कागदावर टिपलं. तो कठडा आज डाव्या बाजूला आहे.

असं लिहिलं की वाटेल, कांबळे साहेबांचं सगळं बरोबर आणि शिकल्यासवरल्यांचं सगळं चूक. तसं मुळीच नव्हतं. पुण्याच्या बाई हुशार होत्या. खुल्या रंगमंचासमोरच्या बसायच्या जागेला त्यांनी उतार काढला होता. साहेबांनी चालून बघितलं, म्हातारी माणसं घसरतील म्हणाले, आणि बाईंना पटवून उतार बराच कमी करून घेतला. बाई फोनवर सांगत होत्या, पाणी साठेल. साहेब म्हणाले, न्हाय साठत. काम झाल्यावर बाई स्वतः बेळगावला आल्या. पाण्याचा टँकर मागवला आणि अख्खा तिथं रिकामा केला. रंगमंचापुढं मस्त तळं झालं. मल्लाप्पाचे गवंडी कडेला उभे राहून बघत होते.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, टँकरचं पाणी एकदम पडतं, पावसाचं तसं पडत नाही. साहेबांनी विजारीचे पायचे वर दुमडले, तळ्यात मधोमध जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "बाई बरोबर हुत्या. मी चुकलो. मल्लाप्पा, उद्या उकरायला घे." मग बाईंकडं वळून, "आनि बाई, घसरणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय करायचं ते आता तुमी सांगा." बाईंनी उताराला आडवे दगडी पट्टे सुचवले. दोघांचं जमलं. पुढं त्या फोन करताना "काका" म्हणू लागल्या आणि साहेब त्यांना दिवाळीला बेळगावचा गोड कुंदा पाठवू लागले.

भाषेचं भांडण आमच्या भागात सुटत नाही. कोनशिलेवर वर मराठी की वर कन्नड, यावर सभेत दोन्ही बाजूंचा आवाज चढला. साहेबांना दोन्ही भाषा घरच्यासारख्या यायच्या. मल्लाप्पाशी ते कन्नडमध्ये इतकं झरझर बोलायचे की मला निम्मं निसटायचं. त्यांनी काय केलं, तर दगड बसवून टाकला. कोरा. कोरणारा गावाला गेलाय, म्हणाले. दोन्ही बाजूंनी रोज येऊन कोरा दगड बघितला, रोज साहेबांना विचारलं, आणि रोज कोरणारा गावालाच होता. हळूहळू दोन्ही बाजू दमल्या. शेवटी दोन्ही भाषा शेजारी शेजारी, एका ओळीत, सारख्या अक्षरात आल्या. "भांडान बी कामासारखंच असतंय," ते म्हणायचे, "वाळू द्यावं लागतंय."

असा हा माणूस. सबुरीचा, गमत्या, पण एका बाबतीत मात्र हटवादी. ती म्हणजे भिंत.

कुठल्याही मोकळ्या जागेचं काम निघालं, की आमच्याकडं सगळ्यात आधी काय होतं? कंपाउंड. आधी भिंत घालायची, फाटक लावायचं, मग आत काय करायचं ते करायचं. सामान चोरीला जात नाही, गुरं शिरत नाहीत, जागेवर हक्क राहतो. मल्लाप्पानं त्याप्रमाणं पहिल्याच आठवड्यात भिंतीचा पाया खणायला माणसं लावली. साहेबांनी काम थांबवलं.

"भिंत सगळ्यात शेवटी."

मल्लाप्पा हबकला. समितीत कुरकुर झाली. मीही म्हटलं, "साहेब, जगात सगळीकडं भिंत आधी घालत्यात."

"व्हय. म्हणूनच आत काय होतंय ते कुणाला ठाव नसतंय," ते म्हणाले. "भिंत आधी पडली की भाईरच्या माणसाला जागा परकी होतीया. मग तुमी आत सोन्याची बाग करा, त्यो म्हणणार, आपल्याला काय करायचंय? उघडं ऱ्हाऊ दे. बगू देत. येता-जाता पाय लागू देत. सगळं उरकल्यावर भिंत घालू, तवर लोकांनी जागेला आपली म्हणायचं का परकी ते ठरवलेलं असंल."

आणि ती भिंतही कसली? आराखड्यात साहेबांनी आणि बाईंनी मिळून ती काढली होती. गुडघ्याएवढी, रुंद, वर गुळगुळीत दगड. आतून बसता येईल आणि बाहेरूनही. मागच्या गल्लीच्या बाजूनं तर ती खुल्या रंगमंचाच्या समोरच येत होती. तिकीट काढून आत बसणाऱ्यांनी आत बसावं, रस्त्यानं जाणाऱ्यानं भिंतीवर टेकून बघावं, ऐकावं. समितीत या भिंतीवर बरीच चर्चा झाली होती. फुकटे बसतील, कुणीतरी म्हणालं. साहेब म्हणाले, "बसू देत की. नाटकाला माणसं लागत न्हाईत काय?" अध्यक्ष हसले आणि मंजुरी मिळाली.

साहेबांना ती भिंत इतकी का हवी होती, हे मी एकदाच विचारलं. रंगमंचाच्या कट्ट्यावर डबा सोडून जेवत होतो. ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. त्यांनी घास गिळला. म्हणाले, "आमच्या आईनं आक्खा जलम वखारीच्या भिंतीच्या आत काढला, आनि गावात काय चांगलं झालं की ते दुसऱ्या भिंतीच्या आत. तिला मधलं काय घावलंच न्हाय." मग भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढं केला आणि पेटीवादकाच्या गुडघ्याचा विषय काढला. त्या विषयाकडं ते परत कधी आले नाहीत.

आणि खरं सांगतो, त्यांचं ते उघडं ठेवणं आम्ही डोळ्यांनी बघितलं. काम चालू असतानाच मागच्या गल्लीनं ते आवार आपलंसं करून टाकलं. बायका बाजारातून येताना पायवाटेनं कापून यायच्या आणि नव्या लावलेल्या झाडांवर मत देऊन जायच्या. ही बुचाची रोपं जवळ जवळ लावलीत, असं त्यांनीच सांगितलं आणि ते खरं निघालं. संध्याकाळी आमची तालीम असली की समोर आपोआप माणसं जमायची. दिग्दर्शकाला सूचना करायची. एकदा एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून आमच्या नायकाला ओरडून सांगितलं, "मोठ्यानं बोल की रं, बायको ऐकती काय?" एवढा मोकळा प्रेक्षक मला बंद नाट्यगृहात कधी मिळाला नव्हता. मी त्या दिवसांत फार आनंदात होतो. साहेब तर रोज संध्याकाळी कुठल्या तरी दगडावर बसून, बशीत चहा ओतून घेत, गर्दीकडं बघत राहायचे. आमचं नाटक त्यांनी कधीच बघितलं नसावं.

काम उरकत आलं. फक्त भिंत राहिली. त्यासाठी दगड येऊन पडला, फक्की मारून झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या छातीत दुखू लागलं.

इस्पितळ, तपासण्या, शस्त्रक्रिया. पुढं बरेच आठवडे सक्तीची विश्रांती. समितीनं त्यांच्या जागी तात्पुरता दुसरा इंजिनियर नेमला. भला, तरुण, आज्ञाधारक माणूस. आणि नेमक्या त्याच दिवसांत एका पाठोपाठ एक गोष्टी घडल्या. गुरं शिरून हिरवळ खाऊन गेली. पायवाटेवरचे दोन दिवे कुणी तरी काढून नेले. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार असं ठरलं आणि बंदोबस्ताच्या लोकांनी येऊन पहिलाच प्रश्न विचारला, कंपाउंड कुठं आहे?

तातडीची सभा झाली. गुडघ्याएवढी भिंत कागदावर डोक्याच्याही वर गेली. वर काट्यांची जाळी. मी उभा राहून विरोध केला. साहेब बरे होईपर्यंत थांबा म्हटलं, हवं तर उद्घाटनापुरते पत्रे लावा म्हटलं. संगीत विभागाच्या बाई माझ्या बाजूनं बोलल्या. पुण्याच्या बाईंनी फोनवर भांड भांड भांडून घेतलं, पण त्यांचा करार आराखडा देऊन संपलेला होता. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "तुमचं म्हणणं लिहून घेतलंय." दुष्ट नव्हता तो माणूस. घाबरला होता. उद्घाटनात काही कमी-जास्त झालं तर, एवढीच त्याला काळजी. पण घाबरलेल्या माणसानं घातलेली भिंतही दगडाचीच असते. नव्या इंजिनियरनं बदलाच्या आराखड्यावर सही केली आणि मल्लाप्पाचे गवंडी कामाला लागले.

मी साहेबांना भेटायला गेलो तेव्हा भिंत निम्मी चढली होती. डॉक्टरांनी कामाचं एक अक्षर काढायचं नाही असं बजावलं होतं. त्यांची लेक पायाशी बसून मोसंबी सोलत होती. साहेब वाळून गेले होते. माझ्याकडं बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "भिंत कुठवर आली?"

मी काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, "झाली की हो आप्पा. लई झ्याक झालीया म्हणं." आणि माझ्याकडं असं बघितलं की माझे ओठ मिटले.

"माणसं बसत्यात?"

"बसत्यात तर," ती म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्यांच्या कधी बघितलं नव्हतं. बाहेर आल्यावर लेक जिन्यात उभी राहून रडली. मीही काही फार वेगळा नव्हतो.

साहेब परत कामावर आले ते उद्घाटनाच्या थोडे दिवस आधी. त्यांना मी फाटकाशी घ्यायला गेलो. रिक्षातून उतरले, आणि उभेच राहिले. वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता हे ओरडतील, राजीनामा फेकतील, निदान अध्यक्षांना फोन तरी लावतील. काही नाही. म्हणाले, "टेप आना. ओळंबा आना."

मल्लाप्पा आतून पळत आला. कपाळावर घाम. हात जोडून कन्नडमध्ये म्हणाला, "साहेबरे, नंदेनू तप्पिल्ला."

"तुजी चूक न्हायच, मल्लाप्पा," साहेब मराठीतच म्हणाले. "तुला जे काढून दिलं ते तू बांधलंस. चल, मोजू या."

मग त्या माणसानं ती भिंत मोजली. सगळी. उन्हात, सावकाश, मधे मधे दम खात. ओळंबा सोडला, डोळा मिटून बघितलं. सांध्यात नख घालून बघितलं. हातोडीनं वाजवून बघितलं. एका जागी चिरा किंचित बाहेर आला होता, तो दाखवला. संपल्यावर कट्ट्यावर बसले आणि काम मंजूर असल्याची सही केली.

माझं डोकं फिरलं. "साहेब, तुमी सई कशापायी केलासा? नको म्हणायचं की!"

"काम चोख हाय. गवंड्यांनी जीव लावून केलंय. वाकडं म्हणू कसं?" ते म्हणाले. "भिंत नको हुती, ह्यो माजा राग. त्यो मल्लाप्पाच्या बिलावर काढू व्हय?"

पलीकडून गल्लीतल्या पोरांचा आवाज येत होता, पोरं दिसत नव्हती. मग ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते मला फार लागलं.

"चुकलं माजंच, मॅनेजर. मी भिंत आधी बांधाय पायजे हुती. बुटकी, मला पायजे तशी, पैल्याच म्हैन्यात. बांधलेली भिंत कोण पाडत न्हाय आनि उंच कराय बी आळस करत्यात. पर मला तिचा राग. रागानं तिला शेवटाला ठिवली. आनि शेवटाला मीच न्हवतो."

मी म्हटलं, "तुमी आजारी पडणार हे कुणाला ठाव हुतं?"

"इंजिनियरनं ते धरून चालाय पायजे," ते म्हणाले, आणि विजारीचे पायचे झटकले. सवयीनं झटकले. फक्की नव्हतीच त्यावर.

उद्घाटन थाटात झालं. साहेबांना शाल, श्रीफळ, टाळ्या. ते पहिल्या रांगेत बसले, सगळ्यांना हसून नमस्कार केला, पाहुण्यांच्या भाषणात त्यांचं नाव चुकीचं घेतलं गेलं तेव्हाही हसले. नाटक सुरू झालं आणि मला विंगेतून दिसलं, की ते समोर न बघता मान वळवून मागं बघत होते, जिथं भिंतीच्या जाळीच्या वर फक्त विजेच्या तारा आणि आभाळ होतं. मध्यंतरात गेले. तब्येतीचं कारण सांगितलं. त्यानंतर ते केंद्रात आलेच नाहीत. मी फोन करायचो, ते झाडांची विचारपूस करायचे, बुचाला फुलं आली का विचारायचे. या म्हटलं की म्हणायचे, "येतो की." मल्लाप्पानं त्यांना एकदा घरी जाऊन धोतरजोडी दिली असं ऐकलं. घेतली की नाही कळलं नाही.

आणि मग तो शेवटचा दिवस. शेवटचा हे तेव्हा माहीत नव्हतं. कार्यक्रम नसल्यानं फाटक बंद होतं. मी वरच्या मजल्यावर कचेरीत होतो. खिडकीतून भिंतीपलीकडचा रस्ता दिसतो. सहज बाहेर बघितलं तर रस्त्याच्या कडेला साहेब. बरोबर एक फार म्हातारी बाई, हिरवं लुगडं, काठी टेकलेली. त्यांची थोरली बहीण, निपाणीहून आलेली. तिच्याविषयी मला नंतर कळलं. साहेब भिंतीच्या बाजूनं तिला सावकाश चालवत होते आणि हात उंच करून काहीतरी दाखवत होते. इथं. मग चार पावलं पुढं जाऊन, इथं. बाई मान वर करून भिंतीकडं बघत होती आणि मान डोलवत होती.

मी खिडकीतून हाका मारल्या. रस्त्यावरच्या वाहनांत ऐकू गेल्या नसाव्यात. चपला पायात सरकवल्या, जिना उतरलो, अख्खं आवार धावत ओलांडलं, फाटक उघडायला लावलं. बाहेर कुणी नव्हतं. एक रिक्षा कोपऱ्यावर वळत होती.

पहारेकरी नवा होता, खानापूरकडचा. तो उद्घाटनानंतर लागलेला, साहेबांना ओळखत नव्हता. मी त्याच्यावर खेकसलो, "आत का सोडला न्हाईस त्यांना?"

"त्यांनी इचारलंच न्हाय, साहेब," तो बिचारा म्हणाला. "भैनीला घिऊन आलतं कोण तरी. भिंतीकडनंच दावत हुतं, हितं रंगमंच हाय, हितं पायऱ्या हाईत, हितं बुचाची झाडं हाईत. म्हातारी म्हणाली, तुला भिंतीतनं दिसतंय व्हय रं? मला बी नवल वाटलं. म्हटलं, आजोबा, आत कदी गेलतासा काय?"

"मग?"

"म्हणालं, व्हय, गेलतो की. भिंत न्हवती तवा."